हजार बिड्या आणि सत्तर तास

(भंडारा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्यात कामाचा दिवस किती लांबीचा असतो, हे घड्याळाकडे पाहून सांगता येत नाही. बिडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजारांत मोजला जातो. तेंदूपत्ता भिजवायचा, कात्रीने कापायचा, तंबाखू भरून बिडी वळायची, दोरा बांधायचा आणि हे सारे चूल, पाणी, मूल सांभाळून करायचे. ठेकेदाराकडे माल नेला म्हणजे तो त्यातल्या काही बिड्या वाईट म्हणून बाजूला काढतो, आणि त्यांची मजुरी बुडते. १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने कारखान्यात बसून काम करणाऱ्यांना दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण घरी बसून बिडी वळणारीच्या तासांची मोजणी कोण करणार? तिचे घर हाच तिचा कारखाना, आणि त्या कारखान्याला भोंगा नाही.

अशा जिल्ह्यात पुण्यातील एका काचेच्या इमारतीत बसून लेखापरीक्षण करणाऱ्या, सुशिक्षित आणि चांगला पगार मिळवणाऱ्या तरुणीची हकिगत सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कार्यकर्त्यांना पडला तर तो गैर नाही. समाजवादी चळवळीने पांढरपेशांच्या दुःखाकडे बऱ्याचदा किंचित उपहासानेच पाहिले आहे. परंतु तुमसर, साकोली, पवनी, लाखनी येथील मुली आज वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नागपूर, पुणे, हैदराबाद गाठतात. बँका, विमा कंपन्या, सूक्ष्मवित्त कंपन्या, हिशेब तपासणाऱ्या पेढ्या ही त्यांची नवी गिरणी आहे. त्या गिरणीत काय घडते हे त्यांच्या आईबापांना माहीत नसते आणि आपल्या चळवळीलाही फारसे माहीत नसते.

ॲना सेबास्टियन पेरायिल ही केरळमधील कोचीची मुलगी. वय २६. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण झाली. मार्च २०२४ मध्ये ती अर्न्स्ट अँड यंग या जागतिक पेढीच्या पुणे येथील कार्यालयात रुजू झाली. ही तिची पहिली नोकरी. हिशेब तपासणीच्या क्षेत्रात ज्या चार पेढ्यांचे जगभर वर्चस्व आहे त्यांपैकी ही एक. मोठमोठ्या बँका आणि कंपन्या यांचे ताळेबंद अशाच पेढ्यांच्या सहीने प्रमाण ठरतात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिचे आईवडील तिच्या पदवीदान समारंभासाठी पुण्यात आले. छातीत आवळल्यासारखे होते अशी तक्रार ती करीत होती, म्हणून तिला रुग्णालयात नेले. हृदयाचा आलेख ठीक निघाला. झोप पुरेशी नाही आणि जेवण फार उशिरा होते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्याही अवस्थेत ती कामावर गेली, कारण सुटी मिळणार नाही असे तिला वाटत होते. समारंभाच्या दिवशीसुद्धा दुपारपर्यंत ती कामच करीत होती, आणि स्वतःच्या पदवीदानाला उशिरा पोहोचली. आईवडिलांची विमानाची तिकिटे तिने स्वतःच्या कमाईतून काढली होती. २० जुलै २०२४ रोजी ती गेली.

हे सारे जगाला कळले ते तिच्या आईने कंपनीच्या भारतातील प्रमुखांना लिहिलेल्या पत्रामुळे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पत्र सर्वत्र पसरले. त्या पत्रातील रागापेक्षा त्यातील तपशील अधिक बोलका आहे. नेमून दिलेल्या कामाखेरीज तोंडी सांगितलेली कामे येत, रात्री सांगितलेले काम सकाळी हवे असे, शनिवार-रविवार जात, वरिष्ठ अधिकारी क्रिकेटच्या सामन्यांप्रमाणे बैठकांच्या वेळा बदलत आणि दिवस संपताना काम हाती ठेवीत. या अधिकाऱ्याच्या हाताखाली तुझे कठीण आहे, असे एका मेजवानीत कोणी थट्टेने म्हणाले होते. अंत्यविधीला कंपनीकडून कोणीही आले नाही. कंपनीच्या प्रमुखांनी दुःख व्यक्त केले. मात्र कामाच्या ताणाने हा मृत्यू ओढवला असे मानता येत नाही, तिला इतरांइतकेच काम दिले होते, अशी कंपनीची भूमिका राहिली.

मृत्यूचे वैद्यकीय कारण ठरवणे हे व्याख्यानाचे काम नव्हे. परंतु 'इतरांइतकेच काम' या शब्दप्रयोगापाशी थोडे थांबले पाहिजे. बचाव म्हणून केलेले हे विधान वस्तुतः आरोपपत्र आहे. एकीवर झालेला अन्याय हा अपवाद असू शकतो, पण सर्वांना तेवढेच काम असेल तर तो कारखान्याचा नियमच झाला.

त्यानंतर जे उघडकीस आले ते अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने वहीत टिपून ठेवावे असे आहे. महाराष्ट्राच्या कामगार खात्याने त्या कार्यालयाची तपासणी केली तेव्हा असे आढळले की, दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या कार्यालयाची नोंदणीच झालेली नाही. कार्यालय २००७ पासून चालू होते. नोंदणीचा अर्ज केला तो फेब्रुवारी २०२४ मध्ये, आणि इतक्या विलंबामुळे तो फेटाळला गेला. म्हणजे जगभरच्या कंपन्या कायद्याचे पालन करतात की नाही हे तपासून देणारी पेढी स्वतः ज्या कायद्याने तेव्हा कामाचे तास दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ इतकेच ठेवले होते, त्या कायद्याच्या वहीत १७ वर्षे नव्हती. चौकाचौकातल्या किराणा दुकानदाराकडे 'गुमास्ता' आहे का, हे विचारायला खाते जाते. त्या काचेच्या दारातून आत शिरायला मात्र एका मुलीच्या मृत्यूची वाट पाहावी लागली.

या कायद्याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. २०१७ साली महाराष्ट्राने जुना कायदा मोडीत काढून नवा केला तेव्हा 'निरीक्षक' हा शब्द जाऊन त्या जागी 'सुविधाकार' आला. शब्द बदलला की माणसाची चालही बदलते. निरीक्षक दार ठोठावतो, सुविधाकार निमंत्रणाची वाट पाहतो. शिवाय ज्यांचे काम गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीचे आहे त्यांना या कायद्यातून वगळण्याची सोय आहे, आणि अशा नावांची यादी करतो तो मालकच. हाताखाली एकही माणूस नसलेल्या मुलीला 'एक्झिक्युटिव्ह' ही पदवी उगीच दिली जात नाही. पदवीने तिचा मान वाढतो असे तिला वाटते. औद्योगिक कायद्याच्या भाषेत मात्र ती 'कामगार' आहे की नाही, याबद्दल वाद घालायला मालकाला जागा मिळते.

हे नवे आहे काय? मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावरचे एक मोठे प्रकरण आहे. त्यात मेरी ॲन वॉकली या विशीतल्या मुलीची नोंद आहे. ती १८६३ साली लंडनमधील एका प्रतिष्ठित शिवणगृहात होती. राजघराण्यातील नववधूच्या सन्मानार्थ व्हायच्या नृत्यसमारंभाचे पोशाख वेळेत हवे होते, म्हणून साठ मुलींबरोबर तिने सलग साडेसव्वीस तास शिवणकाम केले. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी मरण पावली. डॉक्टरांनी अतिश्रम आणि कोंदट खोली हे कारण स्पष्ट सांगितले. चौकशी करणाऱ्या पंचांनी मात्र तिचा मृत्यू झटक्याने झाला, अतिश्रमाने तो कदाचित लवकर ओढवला असावा, असा सावध निर्णय दिला. एकशे साठ वर्षांत शिवणगृहाच्या जागी संगणक आला. पंचांचा 'कदाचित' तसाच राहिला.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका तरुणीला महिना ६० हजार रुपये पगार आहे. आठवड्याला ४८ तासांप्रमाणे महिन्याचे २०८ तास होतात. तासाला सुमारे २८८ रुपये पडले. तिच्याकडून आठवड्याला ८० तास काम घेतले तर महिन्याचे जवळजवळ ३४७ तास होतात आणि दर १७३ रुपयांवर येतो. पगार तोच, दर मात्र चाळीस टक्क्यांनी उतरला, आणि तोही कोणताही करार न बदलता. ४८ च्या पुढचा प्रत्येक तास मालकाला फुकट पडतो. जी वस्तू फुकट मिळते तिची काटकसर कोणी करीत नाही. दोन माणसांचे काम एकाकडून होत असेल तर दुसरा माणूस नेमण्याचे कारणच उरत नाही. 'विषारी वातावरण' असा शब्द अलीकडे रूढ झाला आहे, आणि त्यामुळे असा समज होतो की कोणी एक अधिकारी तोंडाळ आहे, त्याला शिष्टाचार शिकवले की काम भागेल. ओरडणारा अधिकारी हा त्या फुकटच्या तासांचा वसुली कारकून आहे. तो गोड बोलू लागला तरी वसुली थांबणार नाही.

बिडी वळणारीला दर हजारी मिळतो आणि तो इतका कमी की ती स्वतःच आपला दिवस लांबवते. पगारदार मुलीला महिन्याचा पगार मिळतो आणि तिचा दिवस दुसरा कोणी लांबवतो. वेतनाच्या दोन उलट पद्धती आहेत, पण मध्यरात्रीच्या दिव्यापाशी त्या एकत्र येतात.

कामाच्या तासांना मर्यादा या देशात आपोआप आली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुटी मिळाली. कारखान्यांसाठी आठवड्याला १९२२ साली ६० तास, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८ तास, अशी ही पायरी उतरत आली. शेवटची पायरी उतरली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या खोलीत आणखी एक गोष्ट आठवणे अप्रस्तुत होणार नाही. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत राखीव जागेवर बाबासाहेब उभे होते आणि पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. मेहता हे हिंद मजदूर सभेच्या संस्थापकांपैकी एक. कामगारांच्या तासांचा प्रश्न ज्यांनी आपला मानला अशा दोन माणसांची नावे या जिल्ह्याच्या मतपत्रिकांवर एकाच वेळी होती.

आता ती पायरी उलट चढण्याचे दिवस आले आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले. म्हणजे १९२२ च्याही मागे. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांविषयीचे उद्गार प्रसिद्ध झाले. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहत राहणार, असाही त्यांचा प्रश्न होता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये, ॲनाच्या मृत्यूला सव्वा वर्षही झाले नव्हते तेव्हा, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तास करण्याचा निर्णय घेतला. जादा कामाची तिमाही मर्यादाही १२५ वरून १४४ तास झाली. एका मृत्यूतून राज्यकर्त्यांनी काढलेला निष्कर्ष हा असा. न्यूयॉर्कमध्ये तर २०२४ साली एका बलाढ्य बँकेने आपल्या कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ८० तासांची मर्यादा घातली, आणि वृत्तपत्रांनी तिची बातमी सुधारणा म्हणून दिली.

बायकोकडे किती वेळ पाहणार, या प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे. कामावर जाणारा तो पुरुष आणि घरी असणारी ती. पण कामावर जाणारी स्त्री असेल तर? २०२४ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात जातात, पुरुषाची ८८. म्हणजे बारा तासांची कचेरी आणि पावणेपाच तासांचे घर. यात जाणे-येणे धरलेले नाही, झोप तर नाहीच. जो बारा तास देऊ शकतो त्याच्यामागे कोणी तरी एक स्त्री भाकरी थापीत असते. जिच्यामागे अशी कोणी नसते तिला 'महत्त्वाकांक्षा कमी' असा शेरा मिळतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्त्रियांच्या श्रमाच्या दीर्घ इतिहासावरील संशोधनासाठी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वित्त आणि वकिलीसारख्या काही व्यवसायांत वेळीअवेळी हजर राहणाऱ्याला प्रमाणाबाहेर अधिक मोल मिळते. अशा हावऱ्या नोकऱ्या आहेत म्हणून स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील दरी मुलाच्या जन्मानंतर रुंदावत जाते. दोघांची बुद्धी सारखी, पदवी सारखी, पहिला पगारही जवळजवळ सारखा. फरक पडतो तो रात्री नऊ वाजता फोन कोण उचलू शकतो यावरून.

मग वर स्त्रिया बसल्या म्हणजे प्रश्न सुटेल काय? याचे उत्तर मुंबईतच मिळाले. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या अध्यक्षपदी मार्च २०२२ मध्ये प्रथमच एक स्त्री आली. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच संस्थेतील सुमारे ५०० अधिकाऱ्यांनी अर्थ मंत्रालयाकडे तक्रार केली: बैठकांत ओरडणे, सर्वांसमक्ष अपमान, अशक्य उद्दिष्टे, मिनिटामिनिटाच्या हजेरीवर नजर. व्यवस्थापनाने प्रथम निवेदन काढले की यामागे बाहेरची मंडळी आहेत. दुसऱ्या दिवशी अधिकारी वांद्रे-कुर्ला संकुलातील कचेरीबाहेर उभे राहिले, आणि दहा-अकरा दिवसांनी ते निवेदन मागे घ्यावे लागले. स्त्रीला संधी मिळालीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण खुर्चीवर कोण बसते याने खुर्चीचा स्वभाव बदलत नाही. तो बदलला थोडासा, तो बाहेर येऊन उभे राहिलेल्या त्या माणसांमुळे.

केंद्रीय अर्थमंत्र्यांनी त्याच सप्टेंबरमध्ये चेन्नईच्या एका कार्यक्रमात घरातून मिळणाऱ्या आंतरिक बळाचा आणि ईश्वरनिष्ठेचा उपदेश केला. मुलीला ताण सोसायला घरच्यांनी शिकवावे, असा त्याचा अर्थ लोकांनी घेतला आणि संताप झाला. जपानमध्ये उपदेशापेक्षा वेगळे काही घडले आहे. तेथे अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला 'करोशी' असे नाव आहे आणि तो टाळण्यासाठी २०१४ चा कायदाही आहे. डेन्त्सू या जाहिरात कंपनीतील मात्सुरी ताकाहाशी या २४ वर्षांच्या मुलीने डिसेंबर २०१५ मध्ये आत्महत्या केली, तेव्हा सरकारच्या श्रमकार्यालयाने तिच्या जादा तासांची मोजदाद करून तो मृत्यू कामामुळेच झाल्याचा निर्णय दिला, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीला दंड केला. दंड किरकोळ होता. पण तास मोजले गेले, आणि मोजणारे सरकार होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा तास हे आरोग्याचे प्रमाण म्हणूनही मोजण्याजोगे आहे.

आपल्याकडे बँक कर्मचाऱ्यांची संघटना १९४६ पासून आहे. सरकारी बँकेतील लिपिकाचे तास, रजा, बदली हे करारांनी बांधलेले आहेत. तेथेही आता विमा विकण्याची उद्दिष्टे शाखाप्रमुखांच्या मानगुटीवर बसली आहेत हे खरे, तरी तक्रार घेऊन जायला एक दार आहे. खाजगी वित्तसंस्थांत ते दार नाही. खुद्द भंडाऱ्यातील सूक्ष्मवित्त कंपनीची शाखा पाहा. बचत गटातील बाईच्या दारात हप्त्यासाठी उभा राहणारा मुलगा किंवा मुलगी ही वीस-बावीस वर्षांची असते. वसुली झाली नाही तर संध्याकाळी तिला सर्वांसमोर उभे करून बोलणी खावी लागतात. कर्जदार बाई तिला शिव्या देते, अधिकारीही देतो. चळवळीने आजवर फक्त पहिल्या बाईची बाजू घेतली. दुसरीही आपलीच आहे, हे म्हणायला जड जाते, कारण ती कंपनीचा शर्ट घालून येते.

लैंगिक छळाविरुद्ध १९९७ च्या विशाखा निर्णयानंतर का होईना, २०१३ चा कायदा झाला. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या शाखांतील स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती नेमण्याची तरतूद त्यात आहे. पण अपमान, धाकदपटशा, रात्रीचे फोन यांवर उपाय त्यात नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारे खाजगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खाजगी विधेयकांचे आयुष्य किती असते हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर विसंबून राहता येणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधेच आहे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथे खाजगी बँका, विमा आणि सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या ज्या शाखा आहेत त्यांची यादी करावी आणि त्यांपैकी किती आस्थापना कायद्याखाली नोंदलेल्या आहेत, याची माहिती कामगार कार्यालयाकडे लेखी मागावी. 'व्यवस्थापकीय' म्हणून वगळलेल्यांची यादी शाखेत लावली आहे का, ते पाहावे. ४८ तासांच्या पुढील कामाचा दर दुप्पट आहे, हे तेथील मुलामुलींना सांगावे आणि त्यांना तासांची वही ठेवायला लावावी. बिडी कामगारांच्या मजुरीचे दावे लढताना अशा वह्यांचा किती उपयोग होतो हे या खोलीतील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. स्थानिक समितीवर कोण आहे, ती कधी भरली, हे जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.